विश्वासानं सांगितलेलं घरी कळवलं नाही म्हणून टीचरला नोटीस?

टीचर, पत्र दोनदा वाचलं. खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा, नववीतलं पोर तुम्हाला एकटं गाठून म्हणालं की मला आतून मुलगी असल्यासारखं वाटतंय, घरी सांगू नका, आणि तुम्ही नाही सांगितलं. आता हेडमास्तर नोटीस काढतो म्हणतात, आणि एसडीएमसीतले (शाळेच्या विकास-देखरेख समितीतले) एक पुढारी ठरावच करायला बसलेत की असलं कळलं तर लगेच घरी कळवायचं, पालकांच्या लेखी संमतीशिवाय पोराशी त्यावर बोलायचं पण नाही.

घाबरू नका ओ, गुन्हा केलेला नाही तुम्ही. शिक्षकानं पोराच्या मनातलं घरी उघड करायलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडं नाही. उलट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टानं खासगीपणा मूलभूत हक्क धरलाय, आणि 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम 13 शाळेला भेदभाव न करता शिकवायला सांगतं. एसडीएमसीचा ठराव याच्यावर चढून बसू शकत नाही.

पुढारी म्हणतात ना, की दिल्लीनं ते पुस्तक मागं घेतलं? खरं आहे, 2021 मध्ये एनसीईआरटीनं ट्रान्सजेंडर मुलांबद्दल शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका बालहक्क आयोगाच्या हरकतीनंतर वेबसाईटवरून गेली, पण पुस्तिका गेली म्हणून कायदा जात नाही. ते दाखवतात ते अमेरिकेचे व्हिडिओ तर सोडूनच द्या, तिकडं कॅलिफोर्नियानं 2024 मध्ये घरी कळवायची सक्ती करू नका असा कायदा केला, दुसऱ्या काही राज्यांत नेमकं उलटं, आपल्याला दोन्ही लागू नाही. आणि हेच लोक सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या नावानं बाईच्या वेशात राहणाऱ्या जोगप्पाच्या पाया पडून येतात, असू दे.

संमती खरी कुठं लागते, तर कागदाला. अठराच्या आत ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा अर्ज डीसीकडं (जिल्हाधिकाऱ्यांकडं) आईवडिलांनी किंवा पालकानंच करायचा असतो, त्यामुळं हजेरीपटावरचं नाव वगैरे आपल्या मनानं बदलायला जाऊ नका.

आता हे नीट वाचा. पोरावर कुणी लैंगिक अत्याचार केलाय असं बोलण्यात आलं तर गप्प बसता येत नाही, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या कलम 19 खाली पोलिसांना कळवावंच लागतं, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा तुम्हालाच. आणि जीवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर ते एकटीनं पोटात ठेवू नका, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, घरातलं विश्वासाचं एक माणूस शोधा, पण आधी पोराला सांगून, पाठीमागनं नको.

नोटीस लेखीच मागा. कन्नडमध्ये येईल, कोर्टकचेरीचं कन्नड आपल्यातल्या निम्म्यांना कळत नाही, तेव्हा कुणाकडनं तरी वाचून घेतल्याशिवाय सही नको, पोच द्यायची तर फक्त 'मिळाली' आणि तारीख लिहून द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईमाणसाला आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे. फक्त उत्तरात पोराचं नाव, वर्ग, गाव काही घालू नका, कारण तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावरनं गावभर फिरणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.