'राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ' : मंडळ नेमकं कोणाचं?

प्रश्न असा : पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 अखेरीस, 'राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाची पुनर्रचना, अध्यक्षपदी आलोक जोशी' अशी बातमी आली. मग राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल यांचं पद गेलं का? की हे मंडळ त्यांच्या हाताखालचं?

डोवाल होते तिथेच राहिले. घोळ घातला तो समासानं.

'-गार' हा फारसी प्रत्यय 'करणारा' या अर्थाचा : गुन्हेगार, कामगार. त्यामुळे 'सल्लागार' म्हणजे मुळात माणूस. (सल्ला आणि मसलत दोन्ही एकाच अरबी धातूचे, म्हणून 'सल्लामसलत' ही सख्ख्या भावंडांची जोडी आहे.) पुढे 'सल्लागार समिती'सारख्या नावांत हेच नाम विशेषणाच्या कामाला जुंपलं गेलं. तिथे काही बिघडत नाही. सल्लागारांची समिती म्हणा की सल्ला देणारी समिती म्हणा, अर्थ तोच. इथे मात्र 'राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार' हे आधीच एका पदाचं नाव आहे. वाचताना डोळा तेवढ्यावर थांबतो, आणि मग 'राष्ट्रीय सुरक्षेबाबत सल्ला देणारं मंडळ' याऐवजी 'त्या सल्लागाराचं मंडळ' असा षष्ठी तत्पुरुष आपसूक होतो.

पद आणि मंडळ दोन्ही वाजपेयी सरकारच्या काळातली, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 1998 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेबरोबर आलेली. (1990 मध्ये व्ही. पी. सिंह सरकारनं अशी परिषद नेमली होती, पण ती रुजली नाही.) पहिले सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्र. ते पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते. मंडळात मात्र सरकारबाहेरची माणसं हवी होती : निवृत्त राजदूत, सेनाधिकारी, अभ्यासक. संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम पहिल्या मंडळाचे 'निमंत्रक' होते, 'अध्यक्ष' नव्हेत. मला हा फरक मोलाचा वाटतो. निमंत्रक जाणत्यांना बोलावतो, अध्यक्ष खुर्चीवर बसतो. आज बातमीत अध्यक्षच असतो.

दुसरीकडे सल्लागाराचं पद वाढत गेलं. 2018 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या धोरणविषयक गटाचं (स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुप) प्रमुखपद मंत्रिमंडळ सचिवांकडून सुरक्षा सल्लागारांकडे आलं, 2019 मध्ये डोवाल यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. पद जितकं ठळक झालं, तितका चुकीचा विग्रह सोपा झाला.

'मंडळ' शब्दही फसवा आहे. वीज मंडळ, परीक्षा मंडळ म्हटलं की आपल्याला अधिकार चालवणारी संस्था दिसते. हे मंडळ निर्णय घेत नाही. ऑगस्ट 1999 मध्ये त्यानं अणुधोरणाचा मसुदा मांडला, आणि अनेकांनी तेच सरकारी धोरण समजलं. सरकारचं धोरण जाहीर झालं ते जानेवारी 2003 मध्ये, मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीकडून, आणि मसुद्यापेक्षा काही बाबतींत वेगळं.

त्या समितीच्या नावातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे : 'विषयक'. 'राष्ट्रीय सुरक्षाविषयक सल्लागार मंडळ' असं लिहिलं की समास योग्य जागी तुटतो, पदाचं नाव मध्ये तयारच होत नाही. मथळ्यात जागा नसेल तर नुसतं 'सुरक्षाविषयक मंडळ' लिहावं, आणि डोवाल यांचा उल्लेख असेल तिथे 'सुरक्षा सल्लागार अजित डोवाल' असं नावासकट.