“एवढा हुशार पोरगा, नादाला लागलाच कसा?”

लातूरला नीटच्या तयारीसाठी मुलगा ठेवलेला. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेले त्याचे वडील खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, “मॅडम, दहावीला पंच्याण्णव टक्के. एवढं हुशार लेकरू त्या पंथाच्या लोकांच्या नादाला लागलंच कसं?” (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

हुशारीनं माणूस वाचतोच असं नाही. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथीयांत एक हृदयाचा शल्यविशारदही होता.

हा पोरगा सतरा वर्षांचा. मेसचा डबा, दर रविवारी टेस्ट, आणि घरून फोन आला की पहिला प्रश्न, “किती पडले?” मार्क घसरले त्याच आठवड्यात मेसमध्ये एक ‘दादा’ भेटला. त्यानं मार्क विचारलेच नाहीत. ताप आला तेव्हा खिचडी आणून दिली. वाढदिवसाला रात्री बारा वाजता दहा जण केक घेऊन दारात. मग रविवारचं ध्यान, मग तीन दिवसांचं शिबिर. तिथं मोबाइल जमा, पहाटे तीनला उठायचं आणि मनातली सगळी ‘पापं’ एका वहीत लिहून द्यायची. वही परत मिळत नाही. आईबाप म्हणजे मोहाचे धागे, हे फार नंतर सांगतात. आधी खिचडी येते.

वडिलांनी रागाच्या भरात मुलाच्या गळ्यातली त्या पंथाची माळ तोडली होती. ‘घरचे तुला समजून घेणार नाहीत’ हे दादाचं भाकीत त्यांनीच खरं करून दाखवलं. मी म्हटलं, माळेबद्दल आता अवाक्षर काढू नका. रोज रात्री नऊला फोन करा, मार्क सोडून काहीही बोला. चार दिवस बापलेकांना विषयच सुचेना. पाचव्या दिवशी म्हैस व्यायली, मग गाडी रुळावर आली.

मुलाशी मी देवाधर्मावर वाद घातला नाही. आजोबा त्याचे माळकरी.

“वारी झाली की आजोबा कुठं जायचे?”

“घरी.”

“शिबिर सोडून कुणी घरी गेलं?”

एक जण गेला होता. त्याच्याबद्दल सगळ्यांसमोर काय काय बोललं गेलं, ते सांगताना याचा आवाज बारीक झाला. वही आठवली असावी. म्हटलं, त्यावरून कुणी धमकावलं तर लपवू नकोस. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पोलीस आहेत, मी आहे.

त्यानंतरही तो दोनदा तिकडं जाऊन आला. परवा वडिलांचा फोन आला, “गावाकडं आलाय, कालपासून नुसता झोपलाय. उठवू का?”

म्हटलं, झोपू द्या.