वाचकांचे प्रश्न : छोटी बॅटरी, लांबचा रस्ता

सुट्ट्या जवळ आल्या की इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या पत्रांचा सूर बदलतो. शहरात गाडी उत्तम चालते, पण गावी नेता येईल का? या वेळी आलेली बहुतेक पत्रं दहा-बारा लाखांच्या आतल्या गाड्यांबद्दल आहेत, त्यामुळे उत्तरंही त्याच गाड्या समोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : टाटाची टियागो ईव्ही, २४ युनिटची बॅटरी. आम्ही चौघं सामानासह पुण्याहून पणजीला जाणार आहोत, कोल्हापूर-आजरा-आंबोली मार्गे. एका दिवसात जमेल का? कुठे थांबावं? (कोथरूड, पुणे)

जमेल. पेट्रोल गाडीला लागतात त्यापेक्षा तीन तास जास्त धरा आणि पहाटे पाचला घर सोडा.

हिशेब युनिटमध्ये करायचा, किलोमीटरमध्ये नाही. महामार्गावर ८० च्या वेगाने, एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन ही गाडी एका युनिटला साडेसात किलोमीटरच्या आसपास देते. म्हणजे पूर्ण बॅटरीत १८०. यातले शेवटचे २० टक्के कधीच हिशेबात घ्यायचे नाहीत. ते आपले नाहीत, बंद पडलेल्या चार्जरसाठी राखलेले आहेत. हातात उरले १४० ते १४५ किलोमीटर. पुणे-कराड १६० किलोमीटर आहे, म्हणून कराडपर्यंत एका दमात जायचा मोह टाळा, त्यातून वाटेत कात्रज आणि खंबाटकीचे चढ आहेत. चढाचा ठोकताळा असा : भरलेली गाडी दर १०० मीटर वर चढवायला सपाट रस्त्याच्या खर्चावर साधारण अर्धा युनिट, म्हणजे २ टक्के जास्त लागतात.

पहिला थांबा सातारा, ११० किलोमीटर. घरून १०० टक्के निघालात तर तिथे ३५ ते ४० टक्के उरतील. नाश्ता करा आणि ९० पर्यंत भरा. पुढे कोल्हापूर सव्वाशे किलोमीटर, पोचताना २० च्या आसपास. इथे जेवणासाठी मोठा थांबा घ्या, कारण पुढचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. कोल्हापूर ते सावंतवाडी सुमारे दीडशे किलोमीटर, आणि निपाणी सोडल्यावर चार्जर विरळ होत जातात. कोल्हापुरात ९५ पर्यंत भरा, नाहीतर निपाणीत अर्धा तास जोडा. आजऱ्याच्या पुढे रस्त्यावर वेग आपोआप ५०-६० वर येतो, त्यामुळे खर्चही उतरतो. आंबोलीपासून सावंतवाडीपर्यंत गाडी सहाशे मीटरच्या आसपास खाली येते. रिजन (वेग कमी होताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत भरण्याची सोय) सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. घाट संपेपर्यंत टक्का जवळपास हलत नाही, कधी दोन-तीनने वाढतोही. ब्रेकही गरम होत नाहीत. सावंतवाडी किंवा बांद्याला २५ मिनिटं भरलं की पणजीचे उरलेले साठ-पासष्ट किलोमीटर निश्चिंत जातात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ही गाडी जलद चार्जिंगला २५ किलोवॉटच्या आसपासच घेते. १० ते ८० टक्क्यांना तासाभराला दोन-तीन मिनिटं कमी, मग चार्जर ३० चा असो की १२० चा. म्हणून शेजारी-शेजारी दोन चार्जर दिसले तर लहान पकडा. तुमचा वेळ तेवढाच जाईल, आणि मोठ्या बॅटरीवाल्याला मोठा चार्जर मोकळा राहील. ८० च्या पुढे वेग झपाट्याने पडतो. पुढचा टप्पा मागत असेल तरच ९०-९५ पर्यंत बसा.

खर्च : साडेचारशे किलोमीटरला सुमारे ६० युनिट. त्यातली २४ घरची. उरलेल्या ३६ ला गळतीसकट ४० धरा, कारण चार्जरचं मीटर बॅटरीत पोचतात त्यापेक्षा थोडे जास्त युनिट दाखवतं. युनिटला २० ते २५ रुपये दर मिळाला तर ८०० ते १,००० रुपये. ॲपमध्ये दर जीएसटीशिवाय दाखवला असेल तर त्यावर १८ टक्के मिळवा.

प्रश्न : निघताना स्क्रीनवर २३० किलोमीटर होते. १६० ला गाडी रडकुंडीला आली. बॅटरी खराब आहे का? (नाशिक)

बहुधा नाही. तो आकडा गाडी तुमच्या गेल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढते. शहरात ३०-४० च्या वेगाने चालवलेली गाडी महामार्गावर आली की तो आकडा खोटा पडणारच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि युनिटला साडेसात देणारी गाडी सहावर येते. छपरावर कॅरियर बांधला तर आणखी खाली.

किलोमीटरच्या आकड्याकडे पाहूच नका. निघाल्यावर २० किलोमीटरला किती टक्के गेले ते पाहा. १० टक्के गेले असतील तर १०० टक्क्यांत २०० किलोमीटर, १३ गेले असतील तर जेमतेम दीडशे. पुढचा चार्जर त्या हिशेबात बसत नसेल तर वेग ७० वर आणा. मुक्कामाला पोचण्याची खात्री वाढवायला याहून सोपा उपाय नाही. टायरमधली हवाही दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याएवढी ठेवा.

प्रश्न : चार्जरवर गन (केबलच्या टोकाचा प्लग) गाडीला लावली, ॲपवरून सुरू केलं, आणि दोन मिनिटांत 'फॉल्ट' येऊन बंद. तीन वेळा असंच झालं. काय करावं? (सांगली)

क्रम पाळलात तर बहुतेक वेळा सुटतं. आधी ॲपमधून सत्र बंद करा. गाडी अनलॉक करून गन काढा. गाडी बंद करून लॉक करा, दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या. गन आणि गाडी एकमेकांशी आधी बोलतात आणि मगच वीज सोडतात. हे बोलणं अर्धवट तुटलं की गाडी जुन्याच सत्रात अडकून बसते, म्हणून ही विश्रांती द्यायची.

या वेळात गनच्या तोंडात डोकवा. पिनांभोवती ओल, धूळ, क्वचित कोळ्याचं जाळं असतं. कोरड्या फडक्याने पुसा, तोंड खाली करून झटका. मग गन सरळ धरून पूर्ण आत ढकला आणि लॉक बसल्याचा 'टक्' आवाज ऐकू येईपर्यंत हाताने उचलून धरा. जलद चार्जरची, म्हणजे डीसीची केबल जड असते. तिच्या ओझ्याने गन खाली लोंबते, खालच्या दोन जाड पिना नीट टेकत नाहीत आणि चार्जर सुरू होऊन थांबतो. या एका कारणाने किती लोक चांगला चार्जर सोडून निघून जातात! पहिला मिनिटभर केबलला हाताचा आधार द्या. टियागोचं झाकण मागच्या बाजूला, पेट्रोलच्या टाकीच्या जागी आहे, म्हणून गाडी मागे घेऊन लावा. केबल ताणली जाणार नाही.

तरीही नाही झालं तर दुसरी गन घ्या. चार्जरवरचं लाल आणीबाणीचं बटण कुणी दाबून ठेवलंय का ते बघा, तसं असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवावं लागतं. मग चार्जरवर लिहिलेल्या नंबरवर फोन करा, ते लांबून मशीन रीस्टार्ट करून देतात. त्या वेळी चार्जरचा क्रमांक हाताशी लागतो, आधीच फोटो काढून ठेवा. पंधरा मिनिटांत काही हललं नाही तर राखलेल्या २० टक्क्यांत पुढच्या चार्जरकडे.

निघण्यापूर्वी तीन-चार कंपन्यांची ॲप टाकून ठेवा आणि प्रत्येकात शे-दोनशे रुपये भरा. घाटाच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज नसताना ओटीपीची वाट पाहत बसण्यासारखा मनस्ताप नाही. चार्जर नकाशात दिसला म्हणजे चालू आहे असं धरू नका, गेल्या दोन-तीन दिवसांत तिथे कुणी गाडी भरली का ते प्लगशेअर या ॲपवर पाहा. आणि गन सीसीएस-२ या प्रकारची, म्हणजे आजच्या गाड्यांना बसणारी आहे याची खात्री करा. जुन्या १५ किलोवॉटच्या 'भारत डीसी' चार्जरची गन आजच्या गाड्यांना बसतच नाही.

प्रश्न : गावच्या घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावलं की केबलवरचा लाल दिवा लागतो. शेजारच्या घरी मात्र चालतं. (वैभववाडी)

तुमच्या घरी अर्थिंग नाही, किंवा आहे पण सुकलं आहे. गाडीसोबतची केबल आधी अर्थ तपासते, तो मिळाला नाही तर वीज घेत नाही. हे तुमच्या जिवासाठीच आहे. पिनेला तार बांधून तिला फसवायचे 'जुगाड' कोणी सुचवेल, अजिबात करू नका. वायरमनकडून अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज मोजून घ्या, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून तात्पुरतं भागतं, पण नवीन अर्थिंग करून घेणंच योग्य. जनरेटरवर चालणाऱ्या हॉटेलातही हाच दिवा लागतो, कारण बऱ्याच जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो.

दुसरी काळजी तापण्याची. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी सलग आठ-नऊ तास वीज ओढते. जुना सैल सॉकेट त्यात वितळतो. वेगळी १६ अँपिअरची एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि तिथून थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर लगेच बंद. मुक्कामाच्या हॉटेलात एसीचा सॉकेट मागा, त्याला बहुतेक वेळा स्वतंत्र वायर असते. खोली घेण्याआधी फोनवरच विचारा, आणि विजेचे वेगळे पैसे आपणहून देऊ करा.

प्रश्न : बॅटरीत २२ टक्के होते, अचानक ११ झाले. रस्त्यात थांबायची वेळ आली असती. (सोलापूर)

तुमच्या गाडीच्या बॅटरीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या पेशी आहेत. त्या टिकाऊ आणि उष्णतेत सुरक्षित, पण भरलेल्या असोत की अर्ध्या, त्यांचा व्होल्टेज जवळपास सारखाच राहतो. गाडीला आत किती उरलंय याचा अंदाज चुकतो. रोज ३० ते ७० मध्येच खेळत राहिलात, किंवा सारखं जलद चार्जिंग केलंत, की ही चूक साठत जाते आणि तळाशी जाऊन एकदम बाहेर पडते. उपाय साधा आहे. घरच्या संथ चार्जिंगवर पूर्ण १०० होऊ द्या आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत गन काढू नका. १०० दिसल्यावरही सगळ्या पेशी सारख्या भरायला गाडी वेळ घेते. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री हे कराच, आणि चार-पाच जलद चार्जिंगनंतर एकदा.

प्रश्न : महाबळेश्वरहून १०० टक्के भरून निघालो, उतारावर रिजन चाललंच नाही. (वाई)

भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जायला जागा नसते, म्हणून गाडी रिजन बंद ठेवते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डोंगरमाथ्यावरून निघताना ८५-९० वर थांबवा.

प्रश्न : गणपतीला ठाण्याहून कणकवलीला जायचंय. कोंडीत अडकलो तर बॅटरी संपेल ना? (ठाणे)

कोंडीची भीती बाळगू नका. उभ्या गाडीत मोटर काही घेत नाही, एसीला तासाला साधारण एक युनिट, म्हणजे चार टक्के. तीन तास अडकलात तरी बारा. खरी अडचण चार्जरवरच्या रांगेची. एका गाडीला तास, पुढे तीन गाड्या, म्हणजे तुमचा अर्धा दिवस गेला. म्हणून त्या आठवड्यात नियम उलटा करा : ३० पर्यंत उतरण्याची वाट पाहू नका, ५०-६० असताना मोकळा चार्जर दिसला की वीस मिनिटं जोडा. महाड, चिपळूण, हातखंबा या तीन ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय हेरून ठेवा. रात्री दोन ते पहाटे पाच चार्जर सर्वांत मोकळे. रांग असेल तर ८० ला गन काढून द्या.

भर पावसात चार्जिंग करायला हरकत नाही, लॉक बसल्याशिवाय वीज सुटत नाही. फक्त गन लावताना तोंडात पाणी जाऊ देऊ नका, छत्री धरायला एक माणूस सोबत ठेवा. साचलेल्या पाण्यात मात्र खोली कळल्याशिवाय गाडी घालू नका. गाडी बंद पडलीच तर ती पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. पुढची चाकं रस्त्यावर फिरत ओढून नेल्यास मोटर आणि तिचा कंट्रोलर बिघडू शकतो. आणि नुसती काळी स्क्रीन आली, दारही उघडेना, तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली आहे. कोणत्याही गाडीवरून जंपरने ती जागी होते.

प्रश्न : एमजी कॉमेट गाडीने समृद्धीवरून नागपूर गाठता येईल? टोल लागतो का? (कल्याण)

कॉमेट नेऊ नका. १७.३ युनिटची बॅटरी, त्यात डीसी जलद चार्जिंगची सोयच नाही. ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर तीन-चार वेळा कित्येक तास थांबावं लागेल. शहरासाठी ती छान गाडी आहे, हा रस्ता तिचा नाही.

टोलबद्दल : राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणानुसार समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारना टोल माफ आहे. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके आहेत, तिथल्यासाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. माफी असलेल्या नाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला तर तो जपून ठेवून फास्टॅगच्या बँकेकडे परतावा मागा.