बॉट्रिऑइडल : दगडातला घड

सिन्नरच्या खनिज संग्रहालयात एका फिकट हिरव्या दगडाखाली 'बॉट्रिऑइडल' असं लिहिलेलं एका वाचकांनी पाहिलं. त्यांनी विचारलंय, हा शब्द आला कुठून, आणि असले अवघड इंग्रजी शब्द पाठ करण्यात लोकांना आनंद तरी कसला मिळतो?

आधी अर्थ सांगतो. ग्रीकमध्ये 'बोट्रिस' म्हणजे द्राक्षांचा घड आणि 'ऑइड' म्हणजे त्याच्या रूपाचा. काही खनिजांत जवळजवळच्या अनेक बिंदूंपासून स्फटिक चहूबाजूंनी वाढत जातात. ते गोल वाढता वाढता एकमेकांना भिडतात आणि विरळणी (दाट घडातले जादा मणी काढणं) राहून गेलेल्या घडातल्या मण्यांसारखे दाटून बसतात. अशा पृष्ठभागाला बॉट्रिऑइडल म्हणतात. मॅलेकाइट, हेमॅटाइट ही खनिजं या रूपात मिळतात. तुम्ही पाहिलेला दगड बहुधा प्रेहनाइट असावा. आपल्याकडच्या बेसाल्ट या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तो सापडतो.

आता आनंदाचं. नुसतं पाठ करण्यात मलाही काही गोडी वाटत नाही. शब्द फोडून बघण्यात वाटते, कारण एक फोडला की त्याचे भाऊबंद आपोआप ओळखीचे होतात. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांना 'बॉट्रायटिस' हे नाव माहीत असतं. पक्व होत आलेल्या घडावर पाऊस झाला की जी राखाडी बुरशी चढते, ती ही. द्राक्षावर येते म्हणून तिला हे नाव मिळालं असं कुणालाही वाटेल. पण ही बुरशी स्ट्रॉबेरीवर येते, टोमॅटोवर येते, गुलाबावरही येते. नाव पडलं ते तिच्या बीजाणूंवरून. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक देठाच्या टोकाला बीजाणूंचे झुबके दिसतात, थेट घडासारखे. इटलीतल्या मिकेली या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1729 साली हे नाव छापलं. मला या शब्दाचं फार अप्रूप आहे: द्राक्ष नासवणाऱ्या बुरशीच्या पोटातच द्राक्षाचा घड निघावा!

ग्रीकमध्ये घडाला आणखी एक शब्द आहे, 'स्टाफिली'. गळवातल्या पुवात घोसाने राहणारे गोल जंतू स्कॉटलंडचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांना दिसले, आणि 1882 साली त्यांनी त्यांना 'स्टॅफिलोकॉकस' म्हटलं. कॉकस म्हणजे दाणा. रिपोर्टवर हा शब्द पाहून धसका बसतो खरा, पण फोडला तर उरतात घड आणि दाणा.

लॅटिन मात्र एका मण्यावर थांबली. तिथे द्राक्षाला 'उवा' म्हणतात, त्याचं लाडकं लहान रूप 'उव्हुला'. आरशासमोर आ करा. घशात मागे जो मणी लोंबताना दिसतो, तो उव्हुला. मराठीने तिथे जीभ पाहिली आणि पडजीभ म्हटलं.

खुद्द 'ग्रेप' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत द्राक्षाला 'वाइनचं फळ' अशा अर्थाचा जोडशब्द होता. 'ग्रेप' फ्रेंचमधून आला आणि तिकडे त्याचा अर्थ घड. एका द्राक्षाला फ्रेंच माणूस 'रेझँ' म्हणतो. इंग्रजांनी तोही शब्द 'रेझिन' म्हणून उचलला, पण फक्त सुकवलेल्या द्राक्षासाठी ठेवला. आपण त्या बाबतीत जास्त नेमके आहोत. 'बेदाणा' फारसीतून आला: बेकार, बेइमानमधला तोच 'बे', म्हणजे बिनबियांचा. पिंपळगावला रोज बेदाण्याचा भाव विचारणाऱ्यांच्याही हे सहसा लक्षात येत नाही.

मोठ्या कोशात अर्थासोबत व्युत्पत्ती दिलेली असते, ती वगळू नका. सुरुवातीला 'करंट' घ्या. विजेचा नव्हे, त्याचं स्पेलिंग वेगळं. केकमध्ये घालतात तो बारीक काळा बेदाणा. मूळ नाव होतं 'कॉरिंथचे रेझिन', ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून. लोकांच्या तोंडी रेझिन गळून पडलं आणि झिजलेलं शहर तेवढं उरलं.