गुडघा, टोपी आणि जर्सी: वाचकांचे प्रश्न

अमेरिकी फुटबॉल आणि तिथले पक्षीय राजकारण यांवरच्या गेल्या अंकातल्या टिपणावर बरीच पत्रे आली. त्यांत प्रश्न कमी आणि निकाल जास्त होते. ज्यांत खरोखर काही विचारले होते अशी पाच पत्रे इथे घेतली आहेत. शेवटच्या दोन पत्रांतला फुटबॉल मात्र आपला, गोल चेंडूचा.

प्रश्न: कॉलिन केपर्निकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला, त्याला एक डॉलरही दंड झाला नाही. निक बोसाने सामन्यानंतर ट्रम्प यांच्या घोषणेची टोपी घातली, त्याला मात्र दंड. हा उघड पक्षपात नाही का? (पुणे)

उत्तर: याच टपालात नेमके उलटे पत्रही आहे: केपर्निकची कारकीर्द संपली आणि बोसा चिल्लर भरून सुटला, हा पक्षपात नाही का? दोन्ही पत्रांतली माहिती खरी आहे. गफलत अशी की दोघांना लागू होणारे कागदच वेगळे आहेत.

बोसाचे प्रकरण सरळ आहे. 27 ऑक्टोबर 2024 ला त्याच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने डॅलसवर विजय मिळवल्यानंतर सहकारी ब्रॉक पर्डीची मुलाखत चालू असताना तो मध्येच कॅमेऱ्यासमोर आला आणि टोपीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून गेला. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, नियमपुस्तिकेत गणवेशाचे कलम आहे. सामन्याच्या दिवशी खेळाडू प्रेक्षकांना किंवा टीव्हीवर दिसत असेल तोवर, म्हणजे सरावापासून सामन्यानंतरच्या मुलाखतीपर्यंत, लीगच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणताही वैयक्तिक संदेश अंगावर चालत नाही. संदेश कोणत्या पक्षाचा, हे कलम विचारतच नाही. दंड 11,255 डॉलर. बोसाचा करार पाच वर्षांचा, वर्षाला सरासरी 3 कोटी 40 लाख डॉलरचा. म्हणजे महिना लाखभर पगार असलेल्या माणसाला चारशे रुपये दंड व्हावा, तसे.

हे कलम किती आंधळे आहे ते पाहायचे तर 2015 मध्ये जा. पिट्सबर्गच्या कॅमेरन हेवर्डने डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर ‘आयर्न’ आणि ‘हेड’ असे लिहिले होते. हे त्याच्या वडिलांचे टोपणनाव. तेही याच लीगमध्ये खेळले आणि कर्करोगाने गेले. दंड 5,787 डॉलर. त्याच मोसमात त्याचा सहकारी विल्यम गे याने घरगुती हिंसाचाराच्या विरोधात जांभळे बूट घातले, त्यालाही तेवढाच. तेव्हा लीग अमुक पक्षाची आहे असे कोणी म्हटले नाही, कारण चिडायला पक्षच नव्हता. फार ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी लीगने ठरावीक सामन्यांत आपल्या पसंतीच्या सामाजिक कामाचे बूट घालायची सोय केली.

राष्ट्रगीताचा विषय या पुस्तिकेत नाहीच. तो सामना-व्यवस्थापनाच्या वेगळ्या पुस्तिकेत आहे आणि तिथे दोन क्रियापदे आहेत. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडू मैदानाच्या कडेला ‘असलाच पाहिजे’, आणि त्याने उभे ‘राहावे’. पहिले बंधन, दुसरी अपेक्षा. शिक्षा ‘होऊ शकते’ असे पुढे आहे. ‘होईल’ असे नाही. या फटीतून केपर्निक दंडाविना निसटला. ऑगस्ट 2016 मध्ये तो आधी नुसता बसून राहिला होता. मग नेट बॉयर या माजी सैनिक खेळाडूशी बोलून, सैन्याचा अवमान वाटू नये म्हणून, 1 सप्टेंबरपासून त्याने गुडघा टेकायला सुरुवात केली. विरोध पोलिसांच्या अत्याचाराला होता. (योगायोग म्हणजे त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि जानेवारी 2018 मध्ये ती सक्ती मागे घेतली. तेव्हा आपल्याकडे झालेले वाद आठवले तर तिकडचा ताण परका वाटणार नाही.)

मे 2018 मध्ये लीगने ही फट बुजवायचा प्रयत्न केला: मैदानावर असाल तर उभे राहा, नसेल पटत तर ड्रेसिंग रूममध्ये थांबा. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार दाखल केली आणि जुलैमध्ये तो नियम गुंडाळून ठेवावा लागला.

आता कारकीर्द. मार्च 2017 मध्ये केपर्निक स्वतः करारातून बाहेर पडला, तेव्हा ‘त्याला काढले’ हे कागदावर चूक. पण संघ त्याला नाहीतरी सोडणारच होता, तेव्हा ‘तो स्वतः गेला’ हेही अर्धेच. नंतर कोणी घेतले नाही. ‘खेळच संपला होता’ म्हणणारे सांगतात की त्या 2016 च्या मोसमात संघ 2-14 होता, म्हणजे दोन विजय आणि चौदा पराभव. ‘मुद्दाम डावलले’ म्हणणारे सांगतात त्याचे 16 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि फक्त 4 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास). दोन्ही आकडे एकाच मोसमातले. संघमालकांनी संगनमत केल्याची त्याची तक्रार फेब्रुवारी 2019 मध्ये तडजोडीने मिटली, त्यामुळे निवाडा असा झालाच नाही.

आमचे मत विचाराल तर पक्षपात शोधायची जागा दंडाची पावती नाही. लीग स्वतः काय रंगवते ते बघा. 2020 पासून गोलरेषेमागे ‘वंशवाद संपवा’ अशा अर्थाची अक्षरे लीगच्याच खर्चाने होती. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, ती जाऊन तिथे ‘प्रेम निवडा’ आले. खेळाडूने बोलू नये असे लीग म्हणत नाही. आम्हाला विचारून बोलावे, असे म्हणते.

प्रश्न: हॅरिसन बटकरच्या भाषणानंतर त्याची जर्सी सर्वाधिक खपणाऱ्यांत गेली. म्हणजे बहुसंख्य चाहते त्याच्या बाजूने आहेत, असे म्हणता येईल ना? आणि गुडघा टेकण्यामुळे प्रेक्षकांनी टीव्ही बंद केला, हे तरी सिद्ध झाले आहे ना? (नाशिक)

उत्तर: दोन्हीला ‘नाही’.

जर्सीचे आधी. सप्टेंबर 2016 मध्ये लीगच्या दुकानात पहिल्या क्रमांकावर केपर्निकची जर्सी होती. बरोबर एका वर्षाने, 24 सप्टेंबर 2017 च्या रविवारी पिट्सबर्गचा संघ राष्ट्रगीताच्या वेळी बोगद्यात थांबला आणि माजी सैनिक अलेहांद्रो व्हिलानुएव्हा एकटाच बाहेर येऊन उभा राहिला, तर त्याची जर्सी पहिली. मे 2024 मध्ये कॅन्ससमधल्या एका कॅथलिक कॉलेजात बायकांच्या करिअरपेक्षा घरसंसार कसा मोठा, हे बटकरने सांगितले, आणि एका किकरची, म्हणजे लाथेने चेंडू मारण्यापुरत्या मैदानात येणाऱ्या खेळाडूची, जर्सी यादीत वर गेली. चाहत्यांचे बहुमत या तिघांच्याही मागे असू शकत नाही. एरवी व्हिलानुएव्हाची, आक्रमणफळीत सहकाऱ्यांना संरक्षण देणाऱ्याची, जर्सी मागतो कोण? रोजचा खप बेताचा असलेल्या नावाला दोन-तीन दिवसांत काही हजार चिडलेली गिऱ्हाइके पुरतात. या यादीतून लोकांना किती राग आला ते कळते. किती लोकांना आला, ते नाही.

टीव्हीचे थोडे गुंतागुंतीचे. साखळी सामन्यांचा सरासरी प्रेक्षक 2016 मध्ये 8 टक्क्यांनी घसरून सुमारे 1 कोटी 65 लाखांवर आला, 2017 मध्ये आणखी 9.7 टक्के घसरून 1 कोटी 49 लाखांवर. इथेच थांबले की बहिष्कार सिद्ध झाल्यासारखा वाटतो, आणि थांबणारे इथेच थांबतात. 2018 मध्ये आकडा 5 टक्क्यांनी वर गेला. 2016 मधली घसरण अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत जास्त होती, नंतर कमी झाली. क्लिंटन-ट्रम्प यांचा पहिला वादविवाद 26 सप्टेंबरला, सोमवारच्या सामन्याच्या वेळेत झाला. दुसरा 9 ऑक्टोबरला, रविवारच्या रात्रीच्या सामन्याच्या वेळेत. 2017 मध्ये आरन रॉजर्स, जे. जे. वॉट आणि ओडेल बेकहॅम हे तिघेही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जखमी होऊन बाहेर. शिवाय केबल सोडणारी घरे वाढत होती आणि इतर कार्यक्रमांचा प्रेक्षकही घटत होता. चिडून टीव्ही बंद करणारे लोक होतेच. पण एकूण घसरणीतला त्यांचा वाटा वेगळा काढून दाखवणे अवघड.

तिसरी मोजपट्टी जनमत चाचणीची. ती वाचताना टक्क्यांच्या आधी प्रश्नाची वाक्यरचना वाचा. सप्टेंबर 2017 च्या रॉयटर्स-इप्सॉस चाचणीत 58 टक्के लोक म्हणाले की राष्ट्रगीताला उभे राहणे व्यावसायिक खेळाडूंना सक्तीचे असावे. त्याच चाचणीत 57 टक्के म्हणाले की गुडघा टेकणाऱ्याला लीगने कामावरून काढू नये. एका गटाने पहिला आकडा छापला, दुसऱ्याने दुसरा. सक्ती हवी, पण मोडणाऱ्याची नोकरी जाऊ नये, असे एकाच वेळी वाटणारी माणसे त्यात बरीच असणार. घरात मुलांच्या बाबतीत आपणही असेच वागतो.

प्रश्न: आमची बारा मराठी कुटुंबांची फँटसी लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंतून कागदी संघ निवडायचे आणि त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मोजायचे. एका वहिनींचे म्हणणे, बटकरला कोणीही घ्यायचे नाही. दोघे म्हणतात, मग बोसाही नको. ग्रुपवर तीन आठवडे हेच चालू आहे. काय करावे? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: निवडीच्या, म्हणजे ड्राफ्टच्या, दिवसाआधी दोन वाक्ये लिहून बाराही जणांची संमती घ्या. एक: कोणालाही कोणताही खेळाडू न घेण्याची मोकळीक आहे, दुसऱ्याला अडवण्याची नाही. दोन: अदलाबदलीवर नकाराधिकार फक्त संगनमताच्या संशयावर. हंगाम सुरू झाल्यावर यात बदल करायला गेलात तर ज्याचा संघ तळाला आहे तो नेमका तत्त्वनिष्ठ होतो.

बोसाचा प्रश्न तुमच्याकडे बहुधा उद्भवतच नाही. तो बचावफळीतला, आणि नेहमीच्या पद्धतीत बचावफळी अख्खा संघ म्हणून घेतात, एकेक खेळाडू नव्हे. एक आकडा वहिनींना जरूर सांगा. किकरला 39 यार्डांपर्यंतच्या गोलचे 3, 40 ते 49 ला 4, पन्नाशीपुढे 5 आणि टचडाउननंतरच्या किकचा 1 गुण मिळतो. बरेच किकर यात मागेपुढेच असतात, म्हणून जाणकार त्यांना शेवटच्या फेरीत घेतात. बटकर सोडल्याने फारसे काही बिघडत नाही. 2024 मध्ये ज्यांनी त्याला धरून ठेवले त्यांचा घात त्याच्या मतांनी केला नाही, गुडघ्यातल्या कूर्चेने केला: नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो चार सामने बाहेर बसला. तरीही मिटत नसेल तर किकरची जागाच बहुमताने काढून टाका. कित्येक लीगनी ती काढली आहे.

आणि ग्रुप दोन करा. एकात फक्त संघ, अदलाबदल, निकाल. दुसऱ्यात काय ते होऊ द्या.

प्रश्न: पेठेतल्या स्पर्धेसाठी आमच्या संघाची जर्सी एका स्थानिक नेत्याने दिली आहे. पुढे त्यांचा फोटो आणि पाठीवर पक्षचिन्ह हवे म्हणतात. पंच हरकत घेतील का? (कोल्हापूर)

उत्तर: फुटबॉलच्या नियमांतला चौथा नियम साहित्याचा आहे. राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, विधान, चित्र साहित्यावर चालत नाही. पक्षचिन्ह तर थेट त्यात बसते, आणि व्यक्तीचा फोटोही, ती हयात असो वा नसो. ‘पुरस्कृत’ म्हणून एखाद्या दुकानाचे किंवा संस्थेचे नाव चालते. तेही स्पर्धेच्या आयोजकांना आधी विचारून.

घडते असे: पंच सामन्याआधीच्या तपासणीत जर्सी बदलायला सांगतात. दुसरा जोड नसेल तर धावपळ होते आणि चिकटपट्ट्या शोधल्या जातात. पट्टी दहाव्या मिनिटाला घामाने सुटते. मग खेळाडूला साहित्य नीट करायला मैदानाबाहेर पाठवतात आणि तपासून झाल्याशिवाय आत घेत नाहीत. तेवढा वेळ तुम्ही दहा जणांत. आतल्या बनियनवर घोषणा लिहून गोल झाल्यावर जर्सी काढण्याची युक्तीही नको. जर्सी काढल्याबद्दल पिवळे कार्ड मिळते आणि घोषणेबद्दल आयोजक वेगळी कारवाई करू शकतात. सेव्हियाच्या फ्रेडरिक कानूटेने जानेवारी 2009 मध्ये पॅलेस्टाइनचे नाव असलेला आतला शर्ट दाखवला, त्याला 3,000 युरो पडले. 2016 मध्ये युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ दंडपट्टीवर खसखशीचे फूल लावले म्हणून फिफाने इंग्लंडला 45,000 स्विस फ्रँक दंड केला. ते फूल पक्षाचे नव्हते, तरीही.

दात्याला दुखवायचे नसेल तर त्यांचे नाव बक्षीस समारंभाच्या फलकावर घ्या, जर्सीवर नको. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर तो फलकही उतरवावा लागेल.

प्रश्न: चर्चिल ब्रदर्सला टाळ्या वाजवल्या की लोक आम्हाला चर्चिलबाबांच्या पक्षाचे समजतात. खेळाडूवरचे किंवा क्लबवरचे प्रेम मतांत उतरते का? (मडगाव)

उत्तर: कोणत्या पक्षाचे समजतात, ते आधी विचारा. क्लब ज्यांच्या कुटुंबाचा ते चर्चिल आलेमाव काँग्रेसमध्ये होते, सेव्ह गोवा फ्रंट त्यांनी काढला, 2014 ची लोकसभा तृणमूलकडून लढवली, 2017 मध्ये राष्ट्रवादीकडून बाणावलीत आमदार झाले आणि 2021 मध्ये पुन्हा तृणमूलमध्ये गेले. 2022 मध्ये हरले. या सगळ्यात क्लबची जर्सी लालच राहिली आणि 2008-09 व 2012-13 ची आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धाही क्लबने जिंकली.

प्रेम मतांत उतरतेच असे नाही. बायचुंग भुतिया 2014 मध्ये दार्जिलिंगला आणि 2016 मध्ये सिलिगुडीला तृणमूलकडून हरला, मग स्वतःचा पक्ष काढून सिक्कीममध्येही त्याचे जमले नाही. प्रसून बॅनर्जी मात्र त्याच तृणमूलकडून 2013 पासून हावड्यातून निवडून येत आहेत. दोघेही भारताचे माजी कर्णधार. फरक मतदारसंघात आणि तिथल्या पक्षाच्या ताकदीत आहे.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवडणुकीत तर चाहत्यांना मतच नसते. 2 सप्टेंबर 2022 ला माजी गोलरक्षक आणि भाजपचे कल्याण चौबे यांनी भुतियाला 33-1 ने हरवले. मते राज्य संघटनांची होती. माजी खेळाडूंनाही मताधिकार देण्याचा विचार झाला होता, पण फिफाने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केल्यावर तो सोडून देण्यात आला. प्रफुल्ल पटेल, त्यांच्याआधी प्रियरंजन दासमुन्शी, आता चौबे: तीन अध्यक्ष, तीन पक्ष.