रिफॅक्टरिंग: पुनर्रचना की फेरमांडणी?

प्रश्न असा आला आहे: 'सिमपाय' या मुक्तस्रोत गणिती लायब्ररीतल्या क्वांटम भौतिकीच्या कोडच्या रिफॅक्टरिंगवर मराठी टिपण लिहिताना 'पुनर्रचना' हा शब्द वापरला. वाचणाऱ्याने विचारले, 'मग जुनी उत्तरे चुकीची होती का?' दुसरा शब्द आहे का?

वाचणाऱ्याची शंका रास्त आहे. मंत्रिमंडळाची पुनर्रचना झाली की माणसे बदलतात, राज्यांची पुनर्रचना झाली की सीमा बदलतात. रिफॅक्टरिंगमध्ये मात्र कोडची आतली रचना बदलली, तरी बाहेरून दिसणारे वागणे तेच राहायला हवे. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठातल्या आपल्या पीएचडी प्रबंधात ही संकल्पना मांडली, ती वागणे न बदलण्याच्या अटीसकटच.

मला 'फेरमांडणी' योग्य वाटते, आणि त्याचे कारण गणिताच्या वहीत आहे. आपण गणित 'मांडतो'. दोघांची मांडणी वेगळी असली तरी उत्तर एकच येऊ शकते, हे शाळेपासून अंगवळणी पडलेले असते. रिफॅक्टरिंगची अट त्या शब्दात आपसूकच येते. 'फेरफार' मात्र टाळावा. त्याला लबाडीचा वास येतो. 'फॅक्टर' म्हणजे अवयव म्हणून 'पुनरवयवीकरण' घडवण्याचा मोहही नको. सिमपायमध्ये 'फॅक्टर' नावाचे फंक्शनच आहे आणि ते खरोखर अवयव पाडते: क्ष² + ५क्ष + ६ दिले की (क्ष + २)(क्ष + ३). तिथे घोटाळा अटळ आहे.

आता क्वांटमच्या कोडकडे येऊ, कारण शब्दाची खरी परीक्षा तिथे होते. साध्या संख्यांचा गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो, ऑपरेटरांचा, म्हणजे क्वांटम अवस्थांवर क्रिया करणाऱ्या गणिती वस्तूंचा, तसा असेलच असे नाही. अ आणि ब या ऑपरेटरांच्या अब आणि बअ या गुणाकारांतल्या फरकालाच तर कम्युटेटर म्हणतात. ब्रा आणि केट या क्वांटम अवस्था लिहिण्याच्या दोन रूपांचे तर आणखी नाजूक. (भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३९ मध्ये 'ब्रॅकेट' या शब्दाचेच दोन तुकडे करून ही नावे दिली. शब्दप्रेमींनी जपून ठेवावी अशी गोष्ट.) ब्रा गुणिले केट म्हणजे अंतर्गुणाकार, एक संख्या. क्रम उलटा केला की ऑपरेटर मिळतो.

हे नियम कोडमध्ये कुठे ठेवायचे? प्रत्येक वर्गाने (क्लासने, म्हणजे कोडमधल्या वस्तूंच्या प्रत्येक प्रकाराने) आपल्या उजवीकडे कोण आहे ते स्वतः तपासायचे, ही एक मांडणी. सगळे नियम एका जागी आणून गुणाकार तयार होताना लावायचे, ही दुसरी. पहिलीत एक अडचण आहे. क्ष ही साधी संख्या, ब्रा आणि केट हे या क्रमाने गुणले, तर आधी क्ष आणि ब्रा यांचा गुणाकार होतो. त्यानंतर केटच्या डावीकडे ब्रा उरत नाही, गुणाकार नावाची वेगळीच वस्तू असते, आणि अंतर्गुणाकार ओळखला जात नाही. दुसऱ्या मांडणीत तो ओळखता येतो.

पण मग वापरणाऱ्याला त्याच ओळीसाठी वेगळ्या रूपातले उत्तर मिळेल! गणिती मूल्य तेच असले, तरी आधीच्या रूपावर विसंबून लिहिलेला एखादा प्रोग्राम अडू शकतो. एवढ्या भागाला फेरमांडणी म्हणू नये. तिथे 'वागणुकीतला बदल' असे सरळ लिहावे. मूळ इंग्रजी शब्दही अशा वेळी सैलपणे वापरला जातो. मराठीत आपण ती सैल सवय उचलायची गरज नाही.

तेव्हा टिपणात दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा: 'गुणाकाराचे नियम एकत्र आणून कोडची फेरमांडणी केली. त्यामुळे आता क्ष, ब्रा, केट अशा साखळीतही अंतर्गुणाकार ओळखला जातो. हा वागणुकीतला बदल आहे.' क्रियापद हवे असेल तर 'कोड नव्याने मांडला' हे छान चालते. बोलताना 'रिफॅक्टर केला' म्हणायलाही माझी हरकत नाही, समोरच्याला ती अट ठाऊक असेल तर.