चेहरा न दिसता, नुसत्या लिहिण्यातून माणसाची ओळख कशी तयार होते?

तुमचा प्रश्न असा, की जिथे चेहरा नाही, आवाज नाही आणि नावही बहुतेकदा टोपणच, तिथे कोण कसा आहे हे लोकांना कळतं कसं. मी मराठी विकिपीडियावर लिहितो, म्हणून तिथलंच सांगतो.

तिथे प्रत्येक लेखामागे चर्चापान असतं. आपलं म्हणणं लिहून शेवटी टिल्डची (~) चार चिन्हं टाकली की सदस्यनाव आणि तारीख-वेळ उमटते. नव्या सदस्याच्या या सहीला काहीच वजन नसतं. ते हळूहळू येतं, कारण प्रत्येक बदल इतिहासात राहतो आणि त्या सदस्याने आजवर काय काय केलंय ते कुणालाही उघडून बघता येतं. वाद पेटला की मी आधी तेच बघतो. संदर्भ मागितल्यावर हा पुस्तक आणि पान सांगतो की चिडतो? दुसऱ्याच्या वेलांट्या मुकाट्याने सुधारतो, की चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चापानावर, त्याचा बोभाटा करतो?

मराठीत लिहिताना आणखी एक पेच असतो. ‘मी बघतो’ किंवा ‘मी बघते’ लिहिलं की लिहिणारा पुरुष की बाई ते कळलंच. ज्यांना ते सांगायचं नसतं ते ‘मला वाटतं’, ‘मी बदल केला’, ‘बघू या’ अशी वाक्यं सांभाळून लिहितात. आणि नवे सदस्य सरसकट सगळ्यांना ‘सर’ म्हणतात! हे मला फार खटकतं. समोर पुरुषच असणार हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

खोटी ओळख टिकते का? काही काळ टिकते. इंग्रजी विकिपीडियावर ‘एसजे’ नावाचा प्रचालक, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेला सदस्य, स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवायचा. २००६ साली ‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकी नियतकालिकातही तसंच छापून आलं. २००७ मध्ये उघड झालं की तो २४ वर्षांचा आहे आणि प्राध्यापक वगैरे नाही. त्याला जावं लागलं. टोपणनाव घेण्यात माझ्या मते काहीच गैर नाही, पण नसलेल्या पदवीचा दाखला देऊन वादात समोरच्याला गप्प करणं हा सरळ विश्वासघात आहे. वाईट याचं वाटतं की त्याने हजारो संपादनं केली होती, प्रचालकपद कामावर मिळवलं होतं. त्याला त्या पदवीची गरजच नव्हती.

स्वतः अनुभव घ्यायचा असेल तर एखाद्या वादग्रस्त लेखाचं चर्चापान पहिल्या नोंदीपासून वाचा. थोडं पुढे गेलात की सही न बघताही कोण बोलतंय ते ओळखू यायला लागेल.